तोफेपेक्षा गाडा अवघड

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा ‘दवाखान्याबाहेरचे काहीतरी’ लिहिण्याची गळ घातली. माझे दवाखान्याबाहेरचे जग म्हणजे खडेबाजारातील जुन्या घराची माडी, तेथील एक टेबल आणि त्यावरच्या अकरा पितळी तोफा. सर्वांत मोठी वीतभर लांबीची. पाहणारा हमखास विचारतो, ‘डॉक्टर, उडते का हो?’ उडत नाही. बत्ती देण्याचे छिद्र, ज्याला तोफेचा ‘कान’ म्हणतात, ते मी पाडतच नाही. कारण पुढे येईल.

नळी घडविणे तुलनेने सोपे. उद्यमबागेतील एक कारागीर पितळी सळई लेथवर चढवून माझ्या रेखाटनाबरहुकूम उतरवून देतो. खरी परीक्षा गाड्याची. दिवाळीत आपल्या बेळगावात घरोघरी मातीचे किल्ले उभे राहतात आणि बहुतेक बुरुजांवर दोन मोठ्या चाकांची तोफ दिसते. पण तो गाडा मैदानाचा! पेशवाईत पानशांच्या तोफखान्यातील तोफा मुलूखभर हिंडत; त्यांना बैलजोड्या लागत, म्हणून चाकेही मोठी. जहाजावर चार बुटकी चाके पुरत. धक्क्याने मागे सरकणारी तोफ तेथे दोरखंडांनी आवरावी लागे. बुरुजावरच्या तोफेला मात्र कोठेही जायचे नसते. तिला फक्त वळायचे असते.

हे मला विजापूरने शिकविले. 1549 साली अहमदनगरात ओतलेली, सुमारे 55 टनांची मलिक-ए-मैदान पाहून सगळेच थक्क होतात. माझे मन मात्र लहान तोफांच्या बैठकीत गुंतले. दख्खनच्या अनेक किल्ल्यांत मध्यम तोफांना चाकेच नसत. नळीच्या दोन्ही अंगांना असलेले खुंट लोखंडी बेचक्यात बसवीत आणि बेचक्याचा दांडा दगडातील खळग्यात सोडीत. खुंटांवर नळी वरखाली होई, दांड्यावर चौफेर फिरे. अस्थिरोगतज्ज्ञ मित्रांना येथे खुब्याचा सांधा आठवावा! धक्का थेट बुरुजाच्या चिरेबंदीत जिरे. खुंट नळीच्या तोलबिंदूच्या किंचित पुढे असावे लागतात, म्हणजे मागची बाजू जड राहते आणि तोंड आपोआप खाली झुकत नाही. माझ्या पहिल्या तीन तोफा या एका चुकीपायी माना टाकून बसल्या आहेत. त्या मोडीत काढायला मन होत नाही.

चाकांचे गाडेही मी केले आहेत. जुन्या चौकटीचे सागवान, तुंबा बाभळीचा, आरे बांबूच्या कामट्यांचे, धाव पत्र्याची. ते देखणे दिसतात, पण बैठकीच्या खोलीत शोभावेत असे. किल्ल्यावर मी ते ठेवू देत नाही. नातवंडांना हा आजोबांचा हट्ट वाटतो.

आणखी एक गोष्ट. लांबी, रुंदी, उंची वीसपट घटविली की वजन आठ हजारपट घटते. बालकाचा डोस केवळ उंची पाहून ठरवू नये हे आपण जाणतोच, तसेच हे. दिसायला हुबेहूब असलेली चिमुकली तोफ वजनाने नगण्य असते, आणि तिच्यात खरी दारू ठासली तर तो धक्का रोखायला गाड्याच्या अंगी भारच नसतो.

हे गणित मला 1968 च्या दिवाळीत ठाऊक नव्हते. मी अकरा वर्षांचा. नळाचा एक तुकडा, फटाक्यांतली दारू आणि धाकट्या भावाची लाकडी खेळगाडी. सुतळीने आवळून ‘तोफ’ सिद्ध केली. बत्ती शेजारच्या मित्राने दिली. गाडी हलकी, जमीन उतरती. ती मागे उलटली आणि नळीचे तोंड त्याच्याकडे फिरले. त्याचा उजवा डोळा गेला. घरी आम्ही दोघांनी सांगितले, हातात फटाका फुटला. त्याचे आईवडील याच समजुतीत गेले. मला सांगायला उशीर झाला. बत्ती मी दिली नव्हती, पण गाडा माझा होता.

तो दरवर्षी वसुबारसेला माडीवर येतो. नवी तोफ उचलतो, नळीवरून नेम पाहतो. पहिल्या वर्षी माझा चेहरा पाहून म्हणाला, ‘अरे, नेम धरायला तुला एक डोळा मिटावा लागतो. मला तेवढे काम कमी.’ गेल्या वर्षी त्याने माझ्या नव्या बेचक्यात खोट काढली. ते अर्धे सूत डावीकडे कलले होते. दुसऱ्या दिवशी मी ते कानशीने घासून नीट केले.