दौंडच्या डॉक्टरांचा ‘उंबरठा’

भीमेच्या अलीकडे दौंड, पलीकडे शिरूर. दोन्हीकडच्या गावांत नांदायची सोडून कुणी लेक माहेरी आली, की पारावर पहिला प्रश्न एकच निघतो : चूक कुणाची? तिची नसेल तर हळहळ. असेल तर दार बंद.

पुण्याहून सोलापूरकडे निघालं की दौंडच्या आधी केडगाव लागतं. 1896-97च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी इथल्या माळावर बायका-मुलींना आसरा दिला आणि त्यातून मुक्तिसदन उभं राहिलं. पुढे तिथेच, समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या बायकांसाठी कृपासदन निघालं. वेगळं. रमाबाईंचे उपकार डोंगराएवढे आहेत, पण आसऱ्यातही अशी वाटणी करावी लागली, हे मला खुपत राहतं.

त्याच लोहमार्गावर, दौंडला, डॉ. जब्बार पटेल आणि डॉ. मणी पटेल या दांपत्याने दवाखाना चालवला. ते बालरोगतज्ज्ञ, त्या स्त्रीरोगतज्ज्ञ. यातल्या जब्बार पटेलांनी 1972मध्ये ‘घाशीराम कोतवाल’ हे नाटक बसवलं. त्यात कोतवालीसाठी पोटची पोर नाना फडणवीसाच्या हवाली करणारा बाप आहे. दहा वर्षांनी, 1982 साली, त्यांचा ‘उंबरठा’ हा चित्रपट आला. कथा शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीची, पटकथा विजय तेंडुलकरांची.

सुलभा महाजन (स्मिता पाटील) वकिलाची बायको, खात्यापित्या घरातली सून. समाजकार्य शिकलेली. दूरच्या महिलाश्रमात अधीक्षिकेची नोकरी मिळते आणि लहान मुलीला घरी ठेवून ती जाते. तिला सासुरवासाने छळलेलं दाखवलं असतं, तर आपण लगेच तिच्या बाजूने झालो असतो. पटेलांनी ती सोय ठेवली नाही. तिचं जाणं तिच्या इच्छेचं आहे आणि त्याची किंमत मुलगीही मोजते.

आश्रमातल्या बायकाही तशाच. गांजलेल्या आहेत, पण सोशिक गायी नाहीत. त्या भांडतात, खोटं बोलतात, पळून जातात. दोघींचं एकमेकींवर प्रेम आहे, आणि ते कळल्यावर सुलभालाही मानसोपचाराच्याच वाटेने विचार करता येतो. आपली नायिकाही त्या काळाच्या चौकटीतलीच, हे चित्रपट लपवत नाही. आश्रमातल्या बायका आमदाराकडे पोचवल्या जातात हे ती पाहते, त्याविरुद्ध उभी राहते. पण मृत्यू घडतात तेव्हा चौकशी तिचीच होते.

लेकरू तापाने फणफणलेलं असताना आईची चूक काढत बसणारा डॉक्टर कामाचा नाही. आधी ऐकून घ्यायचं, तपासायचं. ‘उंबरठा’ची नजर मला तशी वाटते. ती दवाखान्यातून आली की नाही हे पटेलांनाच ठाऊक, पण आश्रमातल्या एकाही बाईकडे कॅमेरा निर्दोषपणाचा दाखला मागत नाही.

राजीनामा देऊन सुलभा घरी परतते. मुलगी काकूला बिलगलेली असते. नवरा दुसऱ्या बाईशी असलेला संबंध कबूल करतो, आणि तो तोडायची त्याची तयारी नसते. एरवीच्या सिनेमात इथे कुणीतरी माफी मागितली असती.

दौंड जंक्शनात पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्यांचं इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावत, आणि आलेली गाडी उलट्या तोंडाने निघे. सुलभाही शेवटी गाडीतच दिसते, एकटी. चेहऱ्यावर पुसटसं हसू. मुलगी मागे राहिलेली आहे.