ऑपेरापेक्षा बाकीच्यानंच गाजलेलं ऑपेरा हाऊस

चर्नी रोड स्टेशनातून पूर्वेला बाहेर पडून कुणालाही ‘ऑपेरा हाऊस कुठं?’ विचारलं, तर पहिला उलटा प्रश्न येतो: ‘नक्की कुठं जायचंय?’ कारण ऑपेरा हाऊस म्हणजे अख्खा परिसर. हिऱ्यांच्या दलालांचं, पंचरत्न इमारतीचं, बसच्या पाटीवरचं. ज्या वास्तूमुळे हे नाव पडलं, ती 23 वर्षं कुलूपबंद होती आणि तरी नाव टिकून राहिलं. आम्ही सांगलीकर नाट्यपंढरीचे म्हणवतो, म्हणून मुंबईत आलो की जुनं नाटकघर बघितल्याशिवाय परतायचं नाही, अशी स्वतःलाच अट घातलेली. पण जुनी नाटकघरं उरलीत कुठं? विष्णुदास भाव्यांनी 1853 मध्ये मुंबईत प्रयोग केले, ते ग्रँट रोडचं नाट्यगृह गेलं. बालगंधर्व आणि केशवराव भोसले 1921 मध्ये ‘संयुक्त मानापमान’साठी जिथं एकत्र उभे राहिले, ते बालीवालाही गेलं. राहिलं ते हे, साहेबी थाटाचं.

थाट साहेबी असला, तरी ते उभं राहिलं कलकत्त्याचे नाट्यव्यावसायिक मॉरिस बँडमन आणि मुंबईतले पारशी कोळसा-दलाल जहांगीर फ्रामजी कराका यांच्या भागीदारीतून. कल्पना निघाली 1908 मध्ये. 1911 मध्ये पंचम जॉर्ज दिल्ली दरबारासाठी आला, तेव्हा बांधकाम पुरं व्हायचं होतं, तरी उद्घाटन त्याच्याच हस्ते उरकून घेतलं. इमारत पुरी झाली 1912 मध्ये आणि त्यानंतरही किरकोळ कामं चालूच राहिली. अर्धवट वास्तूची फीत कापून घेण्याची चाल आजचीच आहे, असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

दर्शनी भाग युरोपातल्या बरोक शैलीचा, कमानी आणि दगडी कोरीवकामानं लगडलेला. खरी गंमत आत आहे. डोक्यावर आठ पाकळ्यांत विभागलेला घुमट. जुन्या कवी-नाटककारांना वाहिलेली ती मानवंदना. दोन भलीमोठी झुंबरं ससून घराण्यानं दिलेली. त्यांना नाव ‘सां सूसी’, म्हणजे ससूनांच्या भायखळ्यातल्या हवेलीचंच. त्या हवेलीत आता मसिना हॉस्पिटल आहे. हवेली रुग्णांच्या कामी आली आणि तिचं नाव झुंबरांच्या रूपानं नाटकवाल्यांकडे राहिलं.

ऑपेरा मात्र इथं फार काळ रमला नाही. मुंबईकरांना हवं होतं ते इथं होत गेलं. बालगंधर्व गायले, मास्टर दीनानाथ गायले. ध्वनिक्षेपक नसलेला तो काळ. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचावा, अशा बेतानंच छत घडवलेलं असल्यानं आमच्या संगीत नाटकाला हे साहेबी छप्पर चांगलंच मानवलं असणार. मग बोलपट आला. 1935 च्या सुमारास आयडियल पिक्चर्सनं नाट्यगृह घेतलं आणि त्याचं चित्रपटगृह केलं. 1952 मध्ये ते सौराष्ट्रातल्या गोंडलच्या महाराजांनी विकत घेतलं.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो पृथ्वीराज कपूरांचा काळ. 1944 मध्ये त्यांनी पृथ्वी थिएटर्स ही नाटकमंडळी काढली. ऑपेरा हाऊसमध्ये सिनेमाचे खेळ चालायचे, म्हणून त्यांच्या नाटकाला मिळायची सकाळ. प्रयोग संपला की हा धिप्पाड नट दाराशी झोळी पसरून उभा राहायचा आणि प्रेक्षक जाताजाता तीत पैसे टाकायचे. त्या दारातून आज बाहेर पडताना हात आपोआप खिशाकडे जातो.

सिनेमाचा धंदा बसला आणि 1993 मध्ये दारं बंद झाली. गळक्या छपराखाली वास्तू कुजत राहिली. 2008 पासून वास्तुविशारद आभा नारायण लांबा यांनी दुरुस्तीचं काम हाती घेतलं. 2012 मध्ये जगातल्या धोक्यातल्या वारसावास्तूंच्या यादीत तिचं नाव आलं. 2016 च्या ऑक्टोबरात पडदा पुन्हा उघडला आणि पुढच्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-प्रशांत पुरस्कार मिळाला. काम देखणं आहे, वाद नाही. चित्रपटगृहाच्या काळातली भर दूर करून सुरुवातीचं रूप परत आणलंय. माझं एक कुरकुरणं मात्र आहे: बाल्कनीतून शिट्ट्या मारणाऱ्या पब्लिकचीही ही वास्तू होती, त्याची एखादी खूण ठेवायला हवी होती. लाल मखमल आणि सोनेरी मुलाम्यात तो काळ पार पुसला गेलाय. आणि दुसरं म्हणजे गिरगावच्या उंबऱ्यावरच्या या रंगमंचावर मराठी नाटक नेहमीचं का नसावं? सकाळचा एखादा प्रयोग लावून बघायला काय हरकत आहे?

जायचं असेल तर नुसती इमारत बघायला जाऊ नका, बाहेरूनच परतावं लागेल. आधी कार्यक्रम बघा आणि तिकीट काढूनच जा. जागा साधारण पावणेसहाशेच, त्यामुळे शेवटच्या दिवसावर टाकू नका. पुढच्या महागड्या खुर्च्यांचा मोहही नको. वरच्या बाल्कनीत बसा. तिथून घुमट हाताशी येतो, आणि दीनानाथांची तान इतक्या वर कशी पोचली असेल, ते खालच्या खुर्चीत बसून कळायचं नाही.