खूण केलेले रक्त

बिबवेवाडीच्या कडेने सातारा रस्ता जातो. कात्रजच्या तलावातून शहरातल्या हौदांना पाणी पुरवणारा, नानासाहेब पेशव्यांच्या काळातला भुयारी नळ याच बाजूने पेठांकडे गेला. त्यावर ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते. अशा नळातून पाणी किती वाहते हे न खणता ओळखायचे असेल, तर एका उच्छ्वासातून रंग सोडावा आणि पुढच्या उच्छ्वासाशी तो किती वेळाने, किती फिका होऊन पोचतो ते पाहावे. मूत्रपिंडातला रक्तप्रवाह मोजण्याची विद्या मुळात एवढीच आहे. अडचण आहे ती रंगाची.

आधी हा प्रवाह मोजायचा कशासाठी, ते पाहू. दोन्ही मूत्रपिंडे मिळून वजन जेमतेम ३०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास. तरी हृदयातून निघालेल्या रक्ताचा पाचवा हिस्सा, मिनिटाला सुमारे एक लिटर, त्यांच्याकडे जातो. हे रक्त मुख्यतः गाळण्यासाठी येते. दिवसाकाठी १८० लिटरच्या आसपास द्रव गाळला जातो आणि दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत घेतला जातो. चरकाने वृक्कांना मेदोवह स्रोतसांचे मूळ म्हटले, मूत्राचे नव्हे. नुसत्या रूपावरून या अवयवाचे काम कळत नाही, हेच खरे.

आज ते काम कसे चालले आहे हे आपण क्रिएटिनिनला विचारतो. तपासणी स्वस्त आणि सोयीची आहे, पण ती उशिरा बोलते. गाळण्याची जवळपास निम्मी क्षमता जाईपर्यंत आकडा मर्यादेत राहू शकतो. मधुमेही माणूस वर्षानुवर्षे ‘नॉर्मल’ रिपोर्ट फाइलला लावत असतो. शिवाय हा आकडा दोन्ही मूत्रपिंडांचा एकत्र. एकाची धमनी अरुंद झाली तरी दुसरे भार उचलते आणि कागदावर काहीच दिसत नाही.

रक्तप्रवाह मोजण्याची जुनी रीत न्यूयॉर्कच्या होमर स्मिथ यांच्या प्रयोगशाळेत १९४०च्या दशकात पक्की झाली. पॅरा-अमिनोहिप्युरेट नावाचे द्रव्य शिरेतून ठिबकत द्यायचे. मूत्रपिंड एका फेरीत त्यातले सुमारे नव्वद टक्के रक्तातून काढून घेते. मग रक्तातले आणि लघवीतले प्रमाण मोजून हिशेब मांडायचा. रीत अचूक, पण तासन्‌तास चालणारी. तिची जागा प्रयोगशाळेतच राहिली. डीटीपीए स्कॅनमध्ये डावे-उजवे वेगळे कळते, पण किरणोत्सारी द्रव्य टोचावे लागते. एमआरआयमध्ये गॅडोलिनियम देऊन प्रवाह मोजता येतो. मात्र २००६मध्ये लक्षात आले, की मूत्रपिंडे निकामी होत आलेल्या काही रुग्णांची कातडी गॅडोलिनियमनंतर लाकडासारखी कडक होते. हा धोका प्रामुख्याने जुन्या प्रकारच्या संयुगांचा असला, तरी ज्यांना मोजमापाची गरज सर्वांत जास्त त्यांनाच रंग देताना हात आखडू लागला.

मग रंग बाहेरून आणायचाच कशाला? रक्तात पाणी आहे, पाण्यात हायड्रोजन आहे आणि एमआरआय यंत्र हायड्रोजनच्या अणुकेंद्रांशीच बोलते. १९९२मध्ये जॉन डेट्रे, अ‍ॅलन कोरेत्स्की आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या मेंदूत हे करून दाखवले. मूत्रपिंडासाठी तीच युक्ती अशी : वरच्या बाजूला महाधमनीतल्या रक्तावर रेडिओलहरी सोडून त्यातल्या अणुकेंद्रांचे चुंबकत्व उलटे करायचे. ही झाली खूण. दीडेक सेकंद थांबायचे, खुणेचे रक्त मूत्रपिंडात शिरले की प्रतिमा घ्यायची. मग खूण न करता दुसरी प्रतिमा. दोन्हींची वजाबाकी केली की स्थिर ऊतींचे चित्र पुसले जाते आणि नव्याने आलेले रक्त तेवढे उरते. खूण काही सेकंदांत आपोआप विरते. शरीरात काहीच मागे राहत नाही.

ऐकायला सोपे, पण उरणारा फरक मूळ प्रतिमेच्या काही टक्केच असतो. तो दिसण्यासाठी जोड्या पुन्हापुन्हा घेऊन सरासरी काढावी लागते, आणि तोवर मूत्रपिंड प्रत्येक श्वासाबरोबर एक-दोन सेंटिमीटर वरखाली सरकत असते. प्रतिमा एकमेकींवर नीट बसल्या नाहीत, तर वजाबाकीत रक्ताऐवजी श्वासच दिसतो. बाह्यकाचा प्रवाह भरपूर असल्याने तो बऱ्यापैकी मोजता येतो. आतला मज्जाभाग मूत्रपिंडाकडे येणाऱ्या रक्ताच्या दहाएक टक्क्यांवर भागवतो. प्राणवायूची ओढाताण तिथेच असते आणि मोजमाप तिथेच डळमळते. वेगवेगळ्या केंद्रांचे आकडे जुळावेत म्हणून २०२०मध्ये युरोपातल्या पुढाकाराने पद्धतीविषयी एकमताच्या शिफारशी प्रसिद्ध झाल्या. अजून ही मुख्यतः संशोधनाचीच तपासणी आहे. गल्लीतल्या स्कॅन सेंटरमध्ये चिठ्ठी देऊन होणारी नाही.

माझ्या मते तिचा खरा उपयोग प्रत्यारोपणानंतर दिसेल. दात्याचे मूत्रपिंड ओटीपोटात बसवतात, तिथे ते श्वासाने फारसे हलत नाही. आईने मुलाला मूत्रपिंड दिले आहे, सहा महिन्यांनी क्रिएटिनिन थोडे चढले आहे, आणि सुई घालून तुकडा काढायचा की थांबायचे हे ठरवायचे आहे. अशा वेळी पूर्वीच्या मोजमापाशी ताडून पाहिलेला रक्तप्रवाह कामी येऊ शकतो. प्रवाह घटला हे त्यातून कळेल. तो नाकारण्यामुळे घटला, औषधाच्या मात्रेमुळे की धमनी अरुंद झाल्याने, हे विचारायला पुष्कळदा सुईकडेच जावे लागेल.