ईस्टाडचा पोलीस आणि त्याचं घर

बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारवर पोसलेल्या मराठी वाचकाला डिटेक्टिव्ह म्हटला की धाडस आणि चपळाई आठवते. शेरलॉक होम्स तर सडाफटिंग. त्याच्या तपासात घरच्या फोनने कधी व्यत्यय आणला नाही. स्वीडिश लेखक हेनिंग मांकेल यांचा कुर्ट वॉलांडर मात्र खुनाचा तपास आणि घरची ओढाताण एकदमच अंगावर घेऊन जगतो. १९९१मध्ये आलेली त्याची पहिली कादंबरी इंग्रजीत ‘फेसलेस किलर्स’ नावाने वाचायला मिळते. नॉर्डिक देशांतल्या गुन्हेकथांसाठी असलेला ‘ग्लास की’ पुरस्कार १९९२मध्ये सुरू झाला, तेव्हा पहिला मान तिलाच मिळाला.

१९९०चा जानेवारी. स्वीडनच्या दक्षिण टोकाला स्कोने प्रांतात ईस्टाड हे लहानसं बंदर आहे. त्याच्या आसपासच्या एका खेड्यात एक म्हातारा शेतकरी पहाटेपूर्वी जागा होतो. काहीतरी चुकतंय, पण काय ते कळत नाही. मग लक्षात येतं, शेजाऱ्यांची घोडी खिंकाळत नाहीये. शेजारच्या घरात म्हातारा मरून पडलेला, म्हातारीच्या गळ्यात फास. घोडीला मात्र मारेकऱ्यांनी वैरण घातलेली. म्हातारी इस्पितळात प्राण सोडते आणि त्याआधी एकच शब्द उच्चारते : ‘परदेशी’.

हे प्रकरण हाती येतं तेव्हा बेचाळिशीतल्या वॉलांडरचा संसार मोडलेला असतो. बायको मोना सोडून गेलीय. मुलगी लिंडा हिने पंधराव्या वर्षी जीव द्यायचा प्रयत्न केला होता. आता ती मनात येईल तेव्हा फोन करते. वडील गावाबाहेर एकटे राहतात आणि वर्षानुवर्षं एकच निसर्गचित्र रंगवतात. फरक इतकाच, की कधी त्यात रानकोंबडा असतो, कधी नसतो. पोरगा पोलिसात गेला याची त्यांची अढी अजून सुटलेली नाही. ऐन तपासात निरोप येतो, की वडील पायजम्यावरच, हातात बॅग घेऊन चिखलातून चाललेत. वॉलांडरला हातातलं काम टाकून धावावं लागतं. एका रात्री तो दारू पिऊन गाडी चालवतो आणि त्याच्याच हाताखालचे पोलीस त्याला अडवून घरी पोचवतात.

हे प्रसंग भरताड आहेत असं मला मुळीच वाटत नाही. मारला गेलेला शेतकरी सगळ्यांना साधासुधा वाटायचा. त्याचं दुसरं आयुष्य त्याच्या बायकोलाही ठाऊक नव्हतं. ते खणून काढताना वॉलांडर परक्या म्हाताऱ्याचे पैसे, नाती, येणंजाणं सगळं बारकाईने तपासतो. स्वतःच्या वडिलांबद्दल त्याला इतकं कधीच कळलेलं नसतं. लक्ष देणं हा त्याचा पेशा, आणि नेमकं तेच घरी राहून गेलेलं. तपास आणि घर या दोन्ही कथांमागे प्रश्न एकच आहे : आपली माणसं आपण कितपत ओळखतो?

हाच प्रश्न मांकेल देशालाही विचारतात. आफ्रिकेत, विशेषतः मोझांबिकमध्ये, त्यांचं दीर्घकाळ वास्तव्य होतं; मापुटोतल्या ‘तिआत्रो अव्हेनिदा’ या नाट्यगृहाचं काम त्यांनी पाहिलं. मायदेशी परतल्यावर तिथला वाढता वंशद्वेष त्यांना अस्वस्थ करून गेला. कादंबरीत ‘परदेशी’ हा शब्द वर्तमानपत्रांपर्यंत फुटतो, निर्वासितांच्या छावणीवर हल्ला होतो आणि एका सोमाली माणसाचा बळी जातो. गुन्हेकथेतून देशाला प्रश्न विचारण्याची ही वाट माय श्योवाल आणि पेर वालू या स्वीडिश लेखक-जोडीने १९६५ ते १९७५मधल्या दहा कादंबऱ्यांत घालून दिली होती. त्यांचा पोलीस नायक मार्टिन बेकही संसारात सुखी नव्हता आणि त्याच्या तपासांतून कल्याणकारी राज्याचीच झडती होत असे.

पुढच्या कादंबऱ्यांत लिंडा पोलिसात भरती होते. २००९च्या शेवटच्या कादंबरीत वॉलांडरला स्वतःच्याच स्मृतिभ्रंशाला सामोरं जावं लागतं. ज्या वडिलांवर तो चिडायचा, त्यांच्याच वाटेवर तो येतो. म्हणून पहिलं पुस्तक वाचताना खुनी कोण याची घाई करू नका. वडिलांचे प्रसंग सावकाश वाचा. पुढच्या सगळ्या मालिकेची बीजं तिथंच पेरलेली आहेत.