निकोटिनाधीनता व आनुवंशिकता

तंबाखूतील निकोटीन या अल्कलॉइडाची शरीराला व मनाला जडणारी सवय (निकोटिनाधीनता) सर्व धूम्रपान करणाऱ्यांत सारखी नसते. काही जण दिवसाला दोन-तीन सिगारेटींवर वर्षानुवर्षे थांबतात, तर काहींचे ती सोडण्याचे प्रयत्न पुनःपुन्हा फसतात. या फरकाचा काही भाग आनुवंशिक आहे.

समरूप जुळ्यांच्या धूम्रपानाच्या सवयी असमरूप जुळ्यांपेक्षा अधिक मिळत्याजुळत्या असतात, हे ब्रिटिश सांख्यिकीविज्ञ रॉनल्ड फिशर यांनी १९५८ मध्ये निदर्शनास आणले. धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग या दोहोंमागे एकच आनुवंशिक कारण असावे, असा तर्कही त्यांनी केला. फिशर त्या वेळी तंबाखू उत्पादकांचे सल्लागार होते व स्वतः पाइप ओढीत. त्यांचे निरीक्षण टिकले; तर्क मात्र टिकला नाही.

जुळ्यांच्या पुढील अभ्यासांनुसार निकोटिनाधीनतेतील व्यक्तिव्यक्तींमधील फरकांपैकी सुमारे निम्मा वाटा आनुवंशिक असतो. हा वाटा समाजातील फरकांचा असून एखाद्या व्यक्तीच्या व्यसनाची अशी विभागणी करता येत नाही. शिवाय तो स्थिरही नसतो. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश जुळ्यांच्या अभ्यासात १९२५ पूर्वी जन्मलेल्या स्त्रियांच्या तंबाखू सेवनात आनुवंशिक प्रभाव आढळला नाही. १९४० नंतर जन्मलेल्यांत तो सुमारे ६० टक्क्यांवर गेला. स्त्रियांच्या धूम्रपानावरील सामाजिक बंधन सैल झाल्यावरच सुप्त प्रवृत्तीला वाव मिळाला, असे याचे स्पष्टीकरण देतात.

निकोटीन मेंदूतील ज्या ग्राही प्रथिनांना जोडले जाते, त्यांपैकी काहींचे जीन १५ व्या गुणसूत्रावर आहेत. तेथील अल्फा-५ या घटकात ३९८ व्या स्थानी अ‍ॅस्पार्टिक अम्लाऐवजी अ‍ॅस्पॅराजीन आल्यास ग्राहीचे कार्य मंदावते. हा घटकच नसलेले उंदीर निकोटिनाच्या मोठ्या, एरवी नकोशा वाटणाऱ्या मात्राही घेत राहतात. माणसात अशा बदललेल्या प्रत्येक प्रतीमागे दिवसाला सरासरी एक सिगारेट वाढते. याच स्थानाचा फुप्फुसाच्या कर्करोगाशी संबंध २००८ मध्ये उघडकीस आला, तेव्हा फिशर यांचा तर्क पुन्हा आठवला जाणे साहजिक होते. परंतु कधीही धूम्रपान न केलेल्यांत हा संबंध जवळजवळ दिसत नाही.

सवय सोडण्याच्या दृष्टीने अधिक उपयुक्त ठरलेला जीन यकृतातील एका एंझाइमाचा (सीवायपी२ए६) आहे. हे एंझाइम निकोटिनाचे कोटिनिनात रूपांतर करते. ते मंद असलेल्यांच्या रक्तात निकोटीन अधिक काळ टिकते. त्यामुळे ते सरासरीने कमी सिगारेटी ओढतात व सवय तुलनेने सहज सोडतात. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सामान्य वेगाने निकोटिनाचे विघटन करणाऱ्यांना निकोटिनाच्या चिकटपट्टीपेक्षा व्हॅरेनिक्लीन हे औषध अधिक गुणकारी ठरले. मंद विघटन करणाऱ्यांत मात्र दोन्हींचा गुण सारखाच होता आणि औषधाचे उपद्रव अधिक होते.

केवळ आनुवंशिक धोका कळल्याने धूम्रपान सोडण्याचे प्रमाण वाढत नाही, असे २०१६ मधील एका समालोचनात दिसून आले. वरील जीनविषयक निष्कर्ष मुख्यतः यूरोपीय वंशाच्या सिगारेट ओढणाऱ्यांवरून काढलेले आहेत. अल्फा-५ मधील बदल पूर्व आशियाई व आफ्रिकी लोकांत विरळ आहे. आणि भारतात २०१६-१७ च्या पाहणीनुसार १०·७% प्रौढ धूम्रपान करीत, तर २१·४% धूरविरहित तंबाखू वापरीत.