हुगळीकाठचा फुलबाजार

दसऱ्याच्या सकाळी झेंडूचा भाव जराही कमी न करणारा विक्रेता संध्याकाळी उरलेला ढीग तसाच टाकून निघून जातो, हे तुम्ही पाहिलेच असेल. बारा तासांत फुलांचे मोल असे का नाहीसे होते? सण संपला, हे एक कारण झाले. दुसरे कारण फुलातच दडलेले आहे. ते समजून घेण्यासाठी आपण कोलकात्याला जाऊ. तेथे फुलांची काळाशी ही शर्यत रोजच चालते.

हावडा पुलाच्या कोलकात्याकडील टोकाशी, हुगळी नदीच्या काठी मल्लिक घाट आहे. राममोहन मल्लिक यांनी आपले वडील निमाईचरण यांच्या स्मरणार्थ तो १८५५ साली बांधला. समुद्राची भरती-ओहोटी हुगळीतून येथवर पोहोचते. त्यामुळे नदीचे पाणी दिवसातून दोनदा चढते व उतरते. घाटाला पायऱ्या असल्यामुळे पाणी चढलेले असो वा उतरलेले, नावेतून काठावर येता येते. पलीकडच्या काठावरून १८५४ मध्ये रेल्वे सुरू झाली, १८७४ मध्ये नदीवर तरंगता पूल झाला आणि १९४३ मध्ये आजचा पोलादी पूल खुला झाला. नाव, रेल्वे आणि पूल जेथे एकत्र आले, तेथेच फुलांचा बाजार वाढला. आज तो आशियातील मोठ्या फुलबाजारांत गणला जातो.

मेदिनीपूर, हावडा, नदिया या भागांतील शेतकरी रात्रीच निघतात. उजाडण्यापूर्वीच झेंडूच्या लांबलचक माळा, निशिगंध, जास्वंद आणि कमळे यांनी घाटाचा परिसर भरून जातो. मग प्रश्न पडतो, इतकी घाई कशासाठी?

याचे उत्तर असे, की खुडलेले फूल मेलेले नसते. त्याचे श्वसन चालूच असते. साठवलेली साखर वापरून ते ऊर्जा मिळवते आणि उष्णता बाहेर टाकते. झाडावर असताना ही साखर पानांकडून मिळत होती. आता नवी मिळत नाही. पाकळ्यांतून पाणी वाफेच्या रूपाने निघून जाते, पण ते भरून काढणारी मुळे राहिलेली नसतात. शिवाय तापमान १० अंश सेल्सिअसने वाढले, की श्वसनाचा वेग साधारणपणे दुप्पट किंवा त्याहूनही अधिक होतो. म्हणजे दुपारच्या उन्हात फूल आपली शिल्लक भराभर खर्च करते.

आता विक्रेत्यांची कामे नीट पाहा. ते रात्रीच्या गारव्यात माल आणतात, कारण तेव्हा श्वसन मंद असते. ते पाणी शिंपडतात, कारण पाण्याची वाफ होताना फुलातील उष्णता काढून घेतली जाते. पण फुले ओली करून दाबून भरली, तर आतली उष्णता कोंडते आणि बुरशी धरते. म्हणून हवा खेळती ठेवणारी टोपली बरी. पुस्तकातले शास्त्र येथे अनुभवाने शिकले गेले आहे.

ज्या शेतकऱ्याजवळ शीतगृहाची सोय नाही, त्याला भाव पडला तरी थांबता येत नाही. धान्य थांबते, फूल थांबत नाही. एप्रिल २००८ मध्ये या बाजाराला मोठी आग लागली आणि अनेक दुकाने जळाली. परंतु शेतातल्या कळ्या त्यासाठी उमलायच्या राहिल्या नाहीत.

उरलेल्या फुलांचे काय करायचे, हाही प्रश्नच आहे. ती नदीत टाकली, तर ती कुजवणारे जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात आणि माशांना तो कमी पडतो. खड्ड्यात घातली, तर त्याच फुलांचे खत होते. आपल्या गावच्या निर्माल्यालाही हाच नियम लागू आहे.

शेवटी एक प्रयोग करा. सारख्या वजनाची झेंडूची दोन ताजी फुले घ्या. एक ओल्या फडक्यात सैल गुंडाळून सावलीत ठेवा, दुसरे उघड्या उन्हात. संध्याकाळी पहिल्यावरचे पाणी टिपून घ्या आणि शाळेतील तराजूवर दोन्हींचे वजन करा. जो फरक दिसेल, तो टाळण्यासाठीच हुगळीकाठचा हा बाजार पहाटेआधी जागा होतो.