इंद्रायणीचं पाणी खोपोलीच्या चाकावर

कार्तिकी एकादशीला साजगावची यात्रा सुरू होते. खोपोलीला लागून असलेल्या ताकईच्या विठोबाच्या देवळाभोवती पंधरवडाभर दुकानं लागतात, पाळणे फिरतात आणि सुक्या मासळीचा मोठा बाजार बसतो. म्हणून पंचक्रोशी या देवाला प्रेमाने बोंबल्या विठोबा म्हणते. तुकाराम महाराज मिरची विकायला घाट उतरून इथवर आले होते, अशी इथली श्रद्धा आहे. बोरघाटाच्या पायथ्याचा हा बाजार समजून घ्यायला ती पुरेशी आहे. घाटावरचा माल खाली उतरायचा, किनाऱ्याची मासळी वर चढायची आणि दोघांची गाठ इथे पडायची.

1915 साली घाटावरून खाली येणाऱ्या मालात पाण्याची भर पडली. हे पाणी इंद्रायणीच्या खोऱ्यातलं आहे, म्हणजे तुकोबांच्या देहूला जाणाऱ्या नदीचं. लोणावळा, वळवण आणि शिरोता या तलावांत ते अडवलं जातं, पूर्वेला वाहायचं सोडून पश्चिमेला वळवलं जातं, आणि लोखंडी नळांतून घाट उतरून खोपोलीला येतं. तिथे ते वीज निर्माण करतं आणि पाताळगंगेत जातं. बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी अशा रीतीने अरबी समुद्राला मिळतं.

खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र इथल्या बोलण्यात नुसतं पॉवर हाउस असतं. कर्जत-खालापूर परिसरात पाहण्यासारखं काय, असं कोणी विचारलं की माथेरान, धबधबे, किल्ले यांची नावं पुढे येतात. खोपोलीतल्या झेनिथ धबधब्याला नाव मिळालं ते एका कारखान्यावरून, तरी कारखाने पाहायचे असतात असं आपल्याला वाटत नाही. माझ्या मते या परिसरातली सगळ्यात मोलाची औद्योगिक जागा हे पॉवर हाउस आहे.

ते उभं राहिलं मुंबईच्या गिरण्यांसाठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्या वाफेवर चालत. वाफेला कोळसा लागे आणि तो दुरून, बराचसा बंगालच्या खाणींतून आणावा लागे. गिरणगावाच्या आकाशात चिमण्यांचा धूर आणि कामगारांच्या छातीत तोच धूर, अशी स्थिती होती. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस अडवून त्यातून वीज काढता येईल, ही कल्पना मुंबईतले एक वास्तुविशारद डेव्हिड गॉसलिंग यांनी लावून धरली आणि जमशेटजी टाटांनी ती उचलली. जमशेटजी 1904 साली गेले. काम पुढे नेलं त्यांचे पुत्र दोराबजी यांनी. 1910 साली कंपनी स्थापन झाली. तिचं भांडवल देशातच उभं राहिलं आणि त्यात संस्थानिकांचाही वाटा होता. 8 फेब्रुवारी 1911 रोजी गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते लोणावळ्याला धरणाची कोनशिला बसली. बरोबर चार वर्षांनी, 8 फेब्रुवारी 1915 रोजी, लॉर्ड विलिंग्डन यांनी वीजपुरवठा सुरू केला. सुमारे एक लाख व्होल्टच्या दाबाने ती वीज जवळपास 70 किलोमीटर दूर परळला पोचली.

त्याआधी देशात जलविद्युत नव्हती असं नाही. दार्जिलिंगजवळ सिद्रापाँगला 1897 साली छोटं केंद्र निघालं होतं, आणि म्हैसूर संस्थानातल्या शिवनसमुद्रमहून 1902 पासून कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज जात होती. खोपोलीचं वेगळेपण उंचीत आणि पावसात आहे. शिवनसमुद्रमला कावेरी नदी होती, ती तिथे आधीपासूनच पडत होती. इथे बारमाही नदीच नव्हती. लोणावळ्याला वर्षाला सुमारे साडेचार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. म्हणजे आधी चार महिन्यांचं पाणी बारा महिन्यांसाठी साठवायचं, मग ते कड्यावरून खाली न्यायचं, आणि या दोन्ही गोष्टी जमल्या तरच गिरणीचा मालक आपलं वाफेचं इंजिन बंद करायला तयार होणार.

खाली काय घडतं ते नीट समजून घेण्यासारखं आहे. तलावातून पाणी कालव्याने कड्याच्या काठापर्यंत येतं. तिथून पोलादी नळ सुरू होतात. माथा आणि पायथा यांच्यातलं अंतर उभ्या रेषेत सुमारे 525 मीटर भरतं. नळ पाण्याने भरलेला असतो, त्यामुळे सगळ्या उंचीचा भार खालच्या टोकावर येतो. दर चौरस सेंटिमीटरला तो जवळजवळ 52 किलो होतो. एवढा दाब झेलायचा म्हणून नळाची जाडी वरच्या टोकापेक्षा खालच्या टोकाला जास्त ठेवावी लागते. वळणावर पाण्याचा जोर नळाला बाहेर ढकलतो, म्हणून प्रत्येक वळणापाशी तो काँक्रीटच्या ठोकळ्यात पक्का बसवावा लागतो. उन्हात लोखंड वाढतं, रात्री आखडतं, तेव्हा तेवढी हालचाल करायला जागाही सोडावी लागते.

खालच्या टोकाला पाणी एका अरुंद तोंडातून बाहेर पडतं. घर्षणात जाणारं सोडलं तर त्या झोताचा वेग सेकंदाला 100 मीटर, म्हणजे ताशी 360 किलोमीटरच्या आसपास जातो. हा झोत ज्या चाकावर आदळतो त्याला पेल्टन चाक म्हणतात. कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींत काम करणाऱ्या लेस्टर पेल्टनने 1880 साली त्याचं पेटंट घेतलं. चाकाच्या परिघावर जोडवाट्यांसारखे कप असतात आणि दोन वाट्यांच्या मध्ये धारदार कडा असते. झोत त्या कडेवर दुभंगतो, दोन्ही वाट्यांतून वळसा घेतो आणि आल्या दिशेला उलटा फिरतो. चाक झोताच्या निम्म्या वेगाने फिरत असलं की बाहेर पडणाऱ्या पाण्यात जोर जवळजवळ उरतच नाही. होता तेवढा सगळा चाकाला देऊन ते खाली ओघळतं. मला ही गोष्ट अतिशय सुंदर वाटते. ताशी 360 किलोमीटरने आलेलं पाणी चाकाखाली पाहावं तर पावसाळ्यातल्या पन्हाळीतून पडावं तसं पडत असतं.

ते एकदम थांबवता मात्र येत नाही. किलोमीटरभराहून लांब नळात धावणारं पाणी झटक्यात अडवलं तर त्याचा धक्का नळ फोडू शकतो. म्हणून झोताच्या तोंडात सुईसारखी टोकदार सळई सावकाश पुढे सरकवून धार कमी करतात, आणि घाईच असेल तर एक पोलादी पत्रा मध्ये आणून झोत चाकावरून बाजूला वळवतात. पाणी वाहत राहतं, चाक थांबतं. इथला ऑपरेटर मुंबईच्या विजेच्या मागणीनुसार या सुईची जागा ठरवत आला आहे. पूर्वी हातांनी आणि डोळ्यांनी, आता पडद्यावरून.

या केंद्रानंतर त्याची भावंडं आली. कर्जत तालुक्यात भिवपुरीला 1922 साली, ठोकरवाडीच्या तलावाच्या पाण्यावर. त्यानंतर 1927 साली भिरा, मुळशीच्या पाण्यावर. खोपोलीची क्षमता आज 72 मेगावॅट आहे. मुंबईच्या आजच्या भुकेपुढे हा आकडा लहान आहे. पण कोळशाच्या केंद्राला थंड अवस्थेतून उठायला तासन्‌तास लागतात आणि पाण्याचं चाक काही मिनिटांत फिरू लागतं. 12 ऑक्टोबर 2020 रोजी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या, तेव्हा शहराला पुन्हा उभं करताना टाटांच्या जलविद्युत केंद्रांचा उपयोग झाला तो याच गुणामुळे.

ज्यांच्यासाठी हे सगळं झालं त्या गिरण्या आता नाहीत. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि पुढच्या काळात परळ-लालबागचे भोंगे एकेक करून थांबले. गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर आले. गिरणगावाची आठवण जपायची म्हटली तर बहुतेक ठिकाणी उरली आहे ती एखादी चिमणी, एखादी भिंत. त्या गिरण्यांना वीज देणारं घाटाखालचं ठाणं मात्र शंभरी ओलांडून कामावर आहे. यंत्रं बदलली, नवी बसली, पण तलाव तेच, उतार तोच, पाणी तेच. वापरात राहिल्यामुळेच ही जागा टिकली. जतन करण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

चाकावरून उतरलेल्या पाण्याचीही एक कहाणी आहे. मूळची पाताळगंगा पावसाळ्यानंतर आटणाऱ्या कोकणी नद्यांपैकीच. पॉवर हाउसच्या पाण्याने ती बारमाही झाली आणि खोपोलीपासून रसायनीपर्यंतचे कारखाने तिच्या काठाने आले. भिवपुरीचं पाणी राजनाला नावाच्या कालव्यातून कर्जतच्या शेतांत जातं आणि तिथे उन्हाळी भात होतो. उल्हास नदीतून तेच पाणी खालच्या शहरांच्या नळांना पोचतं. भिऱ्याचं पाणी कुंडलिकेत उतरतं. कोलाडला पर्यटक राफ्टिंग करतात ते त्याच पाण्यावर, आणि म्हणून वरच्या वीजकेंद्रांच्या वेळा त्यांना पाळाव्या लागतात.

पण घाटाच्या माथ्यावर उभं राहून पाहिलं की हिशेब वेगळा दिसतो. टाटांच्या धरणांमधून दरवर्षी सुमारे 42 अब्ज घनफूट पाणी भीमेच्या खोऱ्यातून पश्चिमेला वळवलं जातं, आणि खाली सोलापूरकडे उन्हाळ्यात घशाला कोरड पडते. धरणांखाली मावळ्यांच्या जमिनी गेल्या. मुळशीच्या धरणाविरुद्ध 1921 च्या रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला, पांडुरंग महादेव बापट त्यातूनच सेनापती झाले, आणि शेतकऱ्यांना तुरुंगवास घडला. धरण तरीही झालं. सुमारे 50 गावांची जमीन पाण्याखाली गेली. धरणाविरुद्धच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या संघटित लढ्यांत मुळशीचं नाव घेतलं जातं. पॉवर हाउसचं कौतुक करणाऱ्याने हे सांगायलाच हवं. मी ते त्याच्या चाकाइतक्याच आदराने सांगतो, कारण ही सगळी चाकं फिरतात ती मावळ-मुळशीतल्या शेतकऱ्यांच्याच जमिनीवर साठलेल्या पाण्याने.

आज हे सगळं पाहायचं तर बाहेरूनच पाहावं लागतं. वीजकेंद्रात परवानगीशिवाय जाता येत नाही, आणि ते योग्यच आहे. तरीही एका दिवसात बरंच दिसतं. लोकलने खोपोलीला उतरावं. ही लाइन 1856 ची. घाटातला रेल्वेमार्ग अजून व्हायचा होता, तेव्हा पुण्याला जाणारा प्रवासी इथे उतरून पालखीने किंवा घोड्यावर खंडाळ्याला चढे. नाना फडणवीसांनी बांधवलेला तलाव आणि महादेवाचं देऊळ पाहावं. पाणी साठवण्याची या गावाची विद्या टाटांहून जुनी आहे हे तिथे कळतं. मग डोंगराकडे मान वर करून नळांची रेघ शोधावी. नदीच्या पात्रात मात्र उतरू नये, पाणी कधी सोडतील याचा नेम नसतो. दुपारी घाट चढून लोणावळ्याला जावं आणि तलावाच्या काठावर उभं राहावं. खाली पाहिलेल्या नळांना पाणी देणारा तलाव डोळ्यांसमोर आला की सगळी योजना एका नजरेत मावते.

नॉर्वेत रियुकानजवळ व्हेमॉर्कचं वीजकेंद्र आहे. 1911 साली ते सुरू झालं तेव्हा जगातलं सगळ्यात मोठं होतं, म्हणजे खोपोलीचा समवयस्कच. वीजनिर्मिती थांबल्यावर तिथे कामगारांचं आणि उद्योगाचं संग्रहालय झालं, आणि 2015 साली त्या परिसराला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. जर्मनीत एसेन शहरातली त्सोलफेराइन ही कोळशाची खाण 1986 साली बंद पडली. आज तिथे खाणकामाची माहिती देत फिरवलं जातं, मैफली होतात, आणि हिवाळ्यात कोक भट्ट्यांच्या बाजूला बर्फावर मुलं घसरतात. त्या लोकांनी बंद पडलेल्या जागा उघडल्या. आपली तर चालू आहे. चालू यंत्र पाहण्यात जी थरथर पायाला जाणवते ती संग्रहालयात कुठून आणणार?

म्हणून माझं एक मागणं आहे, आणि ते साजगावच्या यात्रेशी जोडलेलं आहे. कार्तिक हा या योजनेचा भरलेला महिना असतो. पाऊस संपलेला, तलाव भरलेले, हवा स्वच्छ, माथ्यापर्यंतचा डोंगर स्पष्ट दिसणारा. नेमक्या त्याच पंधरवड्यात हजारो माणसं पायथ्याशी जमलेली असतात. यात्रेतले दोन दिवस ठरवून पॉवर हाउस लोकांसाठी उघडावं. नावं आधी नोंदवून घ्यावीत, तपासणी करावी, पंचवीस-पंचवीसच्या तुकड्या सोडाव्यात. माहिती सांगायला निवृत्त ऑपरेटर आणि फिटर बोलवावेत. त्यांनी ती मराठीत, आपल्या शब्दांत सांगावी: रात्रपाळीला आवाजावरून बिघाड कसा ओळखायचे, नळ तपासायला उतारावर कसे चढायचे, पहिल्या पावसात काय काय पाहावं लागायचं. जुनं पेल्टन चाक आवारात मांडावं आणि त्याच्या वाटीच्या कडेवरून मुलांना बोट फिरवू द्यावं. शेजारी मावळ-मुळशीतल्या बुडालेल्या गावांची नावं लिहिलेला फलक असावा आणि त्या गावांच्या वारसांना पहिल्या तुकडीत मानाने आत न्यावं. यात्रेच्या मैदानापासून पॉवर हाउसच्या फाटकापर्यंत एसटीची एक गाडी फेऱ्या मारू शकेल, एवढंच अंतर आहे.